मागच्या खोलीचा स्पीड

ही गोष्ट खरी आहे.

रचून सांगायची असती तर मी त्यात पडका वाडा घातला असता, काळं मांजर घातलं असतं. इथे तसलं काही नाही. इथे एक राउटर आहे, एक काचेचं कपाट आहे आणि गणिताचा एक मास्तर आहे. इजिप्तमधल्या तांता शहरात, स्टेशनच्या मागच्या गल्लीत, आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर हे घडलं. गेल्या रमजानमध्ये, शेवटच्या शुक्रवारी.

रात्रसुद्धा नव्हती...

रोजा सुटायची तोफ व्हायची होती. चांगला उजेड होता.

"माझ्या घरात," उस्ताज वग्दी, म्हणजे तेच मास्तर, म्हणायचे, "माझ्या परवानगीशिवाय नेटवरून कोंबडीचा फोटोसुद्धा उतरत नाही."

हे ते जिन्यात म्हणायचे. मशिदीबाहेर चपला शोधताना म्हणायचे. शाळेत भागाकार शिकवताना उदाहरण म्हणूनही हेच द्यायचे.

आणि ते खरंच होतं. आमच्याकडे महिन्याचे जीबी मोजून मिळतात. घरातलं कोणीतरी मालिका लावून झोपी जातं, जीबी संपतात, आणि उरलेला महिना सगळं घर एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतं. त्यावरून घराघरांत भांडणं. मास्तरांकडे भांडण नव्हतं. तिथे राज्यच एकट्याचं होतं.

राउटर त्यांनी नीशमध्ये ठेवला होता. नीश म्हणजे त्यांची बायको इन्शिराह हिच्या माहेराहून लग्नात आलेलं काचेचं कपाट. आत सोनेरी काठाचा चिनी मातीचा सेट, बारा जणांचा. लग्न झाल्यापासून त्यातून कोणी घोटभर चहा प्यालेलं नाही. आमच्याकडे कोणीच पीत नाही. तर त्या सुपाच्या भांड्याला टेकून राउटर, हिरवे दिवे लुकलुकत. कपाटाला कुलूप. किल्ली मास्तरांच्या गळ्यात, जाड दोरीत, बनियनच्या आत.

राउटरच्या पानावर त्यांनी घरातल्या एकेका फोनला नाव दिलं होतं. "मी". "टीव्ही". "बायको". "पोरगी". "म्हातारी". प्रत्येकाला स्पीड ठरवून दिलेला. कोणी किती खाल्लं, कधी खाल्लं, सगळं त्यांना दिसायचं. जेवताना ते भाताकडे बघायचे नाहीत, त्या पानाकडे बघायचे.

"मी"ला लगाम नव्हता.

"म्हातारी"ला उरलंसुरलं.

म्हातारी म्हणजे हाज्जा तफीदा. इन्शिराहची आई. पाय गेल्यापासून मागच्या खोलीत पडून असायची. तिचा एकुलता एक मुलगा करम कुवेतमध्ये ट्रक चालवतो. रोज असरची, म्हणजे दुपार कलतानाची, नमाज झाली की त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. म्हातारीच्या दिवसात तेवढं एकच काय ते असायचं.

"वग्दी, बाळा, करमचं तोंड उघडंच राहिलंय रे," ती मागून ओरडायची.

"त्याचं लहानपणापासून तसंच आहे, हाज्जा."

"आवाज येत नाहीये."

"काही ऐकण्यासारखं बोलला की येईल."

मग ती त्या थांबलेल्या चित्राशीच बोलायची. काय जेवलास, थंडी आहे का, पोराचा ताप उतरला का.

"बाबा, आजीला थोडा वाढवून द्या ना," शाहिनाज म्हणायची. ही मास्तरांची मुलगी.

"तिला काय करायचाय स्पीड? कुठे पोचायचंय तिला?"

रमजानच्या आधीच्या, शाबानच्या महिन्यात एका संध्याकाळी मोठा सामना होता. इन्शिराह आणि शाहिनाज बाजारात गेल्या होत्या. मास्तर सोफ्यावर. पहिल्याच हल्ल्यात टीव्हीचं चित्र अडखळलं. मास्तरांनी फोनवर पान उघडलं. म्हातारीचा कॉल चालू होता.

त्यांनी तिला चौसष्टवर आणून ठेवलं. चौसष्ट म्हणजे किती, ते सोडून द्या. नळ बंद केल्यावर जे ठिबकतं ना, तेवढं.

वर स्वतःशीच काहीतरी बोलले आणि हसले. घरात ऐकायला कोणी नव्हतं.

सामना संपल्यावर ते मागे गेले. फोन उशीला टेकवलेला होता. पलीकडे करम बोलत होता.

"...आणि मग त्याने तो दात सूर्याकडे फेकला, आई. म्हणाला, आजीसारखा सोन्याचा दे. हसतेयस ना? हस, हस."

म्हातारी हसतच होती. डोळे उघडे.

"करम, आता पुरे," मास्तर म्हणाले. "जीबी संपताहेत."

फोन उचलताना त्यांचा हात तिच्या हाताला लागला...

गार होता.

बऱ्याच वेळापासून गार असावा. करमला कळलंच नव्हतं. त्याला वाटलं, नेहमीसारखं चित्र अडकलंय. सबंध वेळ तो मेलेल्या आईला पोराच्या दाताची गंमत सांगत होता.

"माझ्याशी बोलता बोलता गेली," तो सगळ्यांना सांगायचा. "हसत गेली." त्यावरच त्याने मन घट्ट केलं होतं. मास्तरांनी कधी त्याला काही सांगितलं नाही.

म्हातारीचा फोन त्यांनी रोबाबेक्यावाल्याला दिला. जुनं-पुराणं घेऊन गाढवाची गाडी फिरते ना, त्याला. त्याने तिथेच बॅटरी उपसून वेगळी केली, सांगाडा हातोडीने फोडला आणि बदल्यात प्लास्टिकचा टब दिला. मास्तरांनी हे डोळ्यांनी पाहिलं. निळा टब मागून घेतला.

"आईचा फोन कुठाय?" इन्शिराहने विचारलं.

"जपून ठेवलाय. आठवण म्हणून."

"आणि हा टब?"

"शाळेत बक्षीस मिळाला."

रमजान लागला.

रमजानमध्ये सगळा देश मालिका बघतो, तेव्हा जीबी जपायचा खरा मोसम तोच. मास्तर दर तासाला पान उघडायचे. पहिल्या आठवड्यातच त्यांना हिशेब चुकल्यासारखा वाटला. काहीतरी गळत होतं.

एके दिवशी असरनंतर त्यांनी यादी उघडली.

मी. टीव्ही. बायको. पोरगी.

आणि खाली...

म्हातारी. जोडलेली.

जुनं नाव राहून गेलं असेल, असं म्हणून मास्तरांनी पान पुन्हा उघडलं. नावापुढचा आकडा हलत होता. खाली काही उतरत नव्हतं. सगळं वर चढत होतं.

म्हणजे कोणी काही बघत नव्हतं.

कोणीतरी दाखवत होतं.

बाल्कनीच्या दारात पिंजऱ्यात त्यांचा कॅनरी होता. दिवसभर डोकं उठवणारा पक्षी. तो गप्प झाला होता.

मास्तरांनी "म्हातारी"ला ब्लॉक केलं. आकडा थांबला. कॅनरी ओरडायला लागला.

दुसऱ्या दिवशी असर झाली... कॅनरी गप्प... म्हातारी जोडलेली.

"पोरी, आजीचं नाव तू लावलंस तुझ्या फोनला?"

"बाबा, मला माझंच नाव लावायची परवानगी नाही," शाहिनाज म्हणाली.

मग मास्तर खाली तिसऱ्या मजल्यावर इंजिनियर फिकरीच्या दारात. उपासाने आधीच डोकं तापलेलं.

"माझं नेट चोरताय?"

"उस्ताज, तुमचं नेट चोरायचं म्हणजे उपाशी माणसाच्या ताटातलं उचलायचं," फिकरी म्हणाले. "माझं मला पुरतंय."

"मग म्हातारीच्या नावाने कोण घुसतंय?"

"कुठली म्हातारी?"

"माझी सासू."

फिकरींनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग मऊ आवाजात म्हणाले, "तोफ झाली की आधी खजूर खा. पाणी एकदम पिऊ नका."

मास्तरांनी पासवर्ड बदलला. असा बदलला की टाकताना त्यांची स्वतःची बोटं थांबत होती. यादीत आपली चारच उपकरणं ठेवली, पाचव्याला दार कायमचं बंद. मग खुर्ची ओढून नीशसमोर बसले. राउटरकडे बघत.

असरची अजान झाली.

कॅनरी थांबला.

मागच्या खोलीत पलंग करकरला...

त्या पलंगावर गादीसुद्धा नव्हती. गुंडाळून भिंतीला लावलेली होती. मास्तरांनी ती स्वतःच दोरीने बांधली होती.

मग कॉल लागताना वाजतो तो आवाज. एकदा. दोनदा.

"अलो...?"

मास्तर उठले नाहीत. 

"अलो... करम?"

आवाज तुटत नव्हता. अडकत नव्हता. इतका स्वच्छ, जणू कोणी कानाशी बोलतंय.

त्यांनी फोनकडे पाहिलं. म्हातारीच्या नावापुढे आता लगाम नव्हता. चौसष्ट हा आकडा सगळ्यात वरच्या ओळीत गेला होता.

"मी"च्या पुढे.

तो त्यांनी लगेच बदलला. पान ताजं केलं. पुन्हा चौसष्ट. बदलला. चौसष्ट.

पण नेट काही मंद झालं नाही. मास्तरांच्या फोनवर सगळं भराभर उघडत होतं. त्यांना हायसं वाटलं. काहीतरी बिघाड असेल, आकडाच नुसता चुकीचा दाखवतोय.

त्याच संध्याकाळी ते जेवायला बसले. समोर जर्दाळूचं सरबत, मुलूखियाच्या पालेभाजीचा वास, रिकामा रस्ता, सगळं शहर श्वास रोखून तोफेची वाट बघतंय. मास्तरही वाट बघत होते.

तोफ झाली. त्यांनी पेला उचलला. "बिस्मिल्ला."

इन्शिराह आणि शाहिनाज त्यांच्याकडे बघत राहिल्या. दोघींची ताटं रिकामी होती. ताटात हाडं.

"काय झालं?"

"तोफ केव्हाच झाली," इन्शिराह म्हणाली. "आम्ही तुम्हाला हलवलं. तुम्ही पेला धरून नुसते बसला होतात. तोंड उघडं टाकून."

"आत्ता झाली तोफ. मी ऐकली."

"बाबा," शाहिनाज हळूच म्हणाली, "आमची गोडाची कुनाफासुद्धा खाऊन झाली."

डॉक्टरांनी साखर तपासली. साखर ठीक. मेंदूचा फोटो काढला. मेंदू जागेवर. रोजे झेपत नाहीत वयाला, म्हणाले. मास्तरांना तो अपमान वाटला. राउटरबद्दल त्यांनी डॉक्टरांना काही सांगितलं नाही. काय सांगणार?

आणि त्यात तो शुक्रवार आला.

शाहिनाजचं जमत होतं. याआधी तिची दोन स्थळं गेली होती, दोन्ही मास्तरांच्या तोंडामुळे. एकाच्या बापाला त्यांनी चहाला बोलावून भागाकार चुकतो म्हणून सुनावलं होतं. तिसरा हा हाझिम. रियाधला औषधांच्या कंपनीत. आईबाप तिथेच त्याच्यापाशी. दोघं वर्षभर एकमेकांशी चोरून बोलत होते, पोरीच्या वाटच्या तुटपुंज्या स्पीडमध्ये, फक्त अक्षरं लिहून. साखरपुड्याची फातिहा, कुराणातली पहिली प्रार्थना, व्हिडिओ कॉलवर म्हणायची ठरली. एकदा फातिहा म्हटली की शब्द पक्का. मुलीचा मामा म्हणून करमही कुवेतहून येणार होता.

"बाबा, आज फक्त हो म्हणा," शाहिनाज सकाळीच म्हणाली. "दुसरं काही बोलू नका. एवढं करा माझ्यासाठी."

"मला बोलायला शिकवतेस?"

"नाही. गप्प बसायला."

मास्तरांनी जय्यत तयारी केली. टीव्ही बंद. सगळ्यांचे फोन बंद करून निळ्या टबात. "म्हातारी"ला ब्लॉक केलं, नाव पुसून टाकलं, परत ब्लॉक केलं. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर. मागे नीश यावा अशी खुर्ची लावली, म्हणजे सोनेरी काठ रियाधला दिसतील.

रियाधला आणि कुवेतला रोजा आमच्याआधी सुटतो. त्यामुळे पडद्यावर हाझिमची आई, मादाम नरमीन, कतायफची मिठाई खात होती. करम ट्रकच्या केबिनमध्ये चहा पीत होता. आणि मास्तर कोरड्या घशाने बसले होते.

"उस्ताज, चित्र काय सुंदर येतंय हो तुमच्याकडचं," मादाम नरमीन म्हणाली. "ताटल्यांवरची फुलंसुद्धा मोजता येतायत."

"मादाम, नेटला शिस्त लागते," मास्तर म्हणाले. "आमच्या घरात आजवर एकदासुद्धा चित्र अडकलेलं नाही."

करमने चहाचा पेला खाली ठेवला. 

हाझिमच्या वडिलांनी हात उचलले. सगळ्यांनी उचलले. तळवे वर. सगळे मनातल्या मनात फातिहा म्हणू लागले. ओठ हलत होते. रस्ता सुनसान होता. सगळं शहर आपापल्या ताटापुढे.

कॅनरीचा आवाज मध्येच थांबला.

फातिहा संपली. सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. आमीन.

मास्तरांनी फिरवले नाहीत.

त्यांचे हात तसेच वर. तोंडावर पाहुण्यांसाठीचं हसू. तोंड थोडं उघडं.

"नेट अडकलं वाटतं," मादाम नरमीन म्हणाली.

"हो, अडकलं," तिचा नवरा म्हणाला.

हाझिम पुढे वाकला. बराच वेळ बघत राहिला.

"नाही, आई... मागे पिंजऱ्यात पक्षी उड्या मारतोय."



"बाबा?" शाहिनाजने त्यांच्या खांद्याला हात लावला.

मास्तरांचे ओठ हलले. आवाज त्यांचाच होता. पण तो त्या खोलीतला नव्हता. त्याच्या मागे गर्दीचा गलका होता, सामना सांगणाऱ्याची बडबड होती...

"चौसष्टवर टाकतो. मरायला काय स्पीड लागतो म्हातारीला?"

मग हसणं.

मग "गोल."

इन्शिराहने हातातला खजुरांचा वाडगा टेबलावर ठेवला.

"करम, आता पुरे," मास्तरांचं तोंड म्हणालं. हात तसेच वर. "जीबी संपताहेत."

केबिनमध्ये करम अगदी स्थिर बसला होता. क्षणभर सगळ्यांना वाटलं, त्याचंच चित्र थांबलंय.

"ही घे बॅटरी. फोड, फोड, मेली ती. टब निळाच दे."

बस. पुढे काही नाही. तोंड पुन्हा अर्धवट उघडं.

"इन्शिराह," करम म्हणाला, "हे तो कधी बोलला?"

इन्शिराह टबाकडे बघत होती.

तेवढ्यात पडद्यावर चौथी चौकट उघडली. घरातला प्रत्येक फोन बंद होता. चौकटीखाली नाव आलं, मास्तरांनी टाकलं होतं तेच.

म्हातारी.

चौकटीत मागची खोली होती. पलंग. गादी अंथरलेली. चादरीला सुरकुती नाही. उशीत खळगा. पलंगावर कोणी नव्हतं. खिडकीचा पडदा वाऱ्याने हलत होता, इतका स्पष्ट की शिवणीचा टाका न टाका दिसावा.

"आई?" करम म्हणाला.

लॅपटॉपमधून आणि मागच्या खोलीतून आवाज एकाच वेळी आला. एका क्षणाचाही फरक नव्हता.

"करम... तोंड मिट रे बाळा. आता दिसतंय मला सगळं."

करमने तोंड मिटलं.

तोफ झाली.

"आमीन," मास्तर म्हणाले आणि त्यांनी तोंडावरून हात फिरवले.

मग त्यांना समोरचे चेहरे दिसले. बायकोचा, मुलीचा, रियाधचे तीन, कुवेतचा एक. आणि शेवटी ती चौकट. त्यात आता पलंग रिकामा नव्हता, असं मास्तर म्हणतात. बाकी कोणाला तसं दिसलं नाही.

ते खुर्ची पाडून उठले आणि नीशकडे धावले. राउटरची वायर उपटायची होती. किल्ली कुलपात घातली. फिरवली. कुलूप उघडलं, पण किल्ली अडकली. किल्ली दोरीत, दोरी गळ्यात. आता ते नीशला गळ्यानेच बांधले गेले होते. त्यांनी मागे हिसका मारला. किल्ली आली नाही. दुसरा हिसका अंगातलं सगळं बळ लावून मारला.

किल्ली नाही, नीश आला.

बारा जणांचा सेट पहिल्यांदाच वापरात आला. बशा, पेले, मीठदाण्या, सगळं मास्तरांच्या अंगावरून गेलं. सुपाचं भांडं शेवटी पडलं, डोक्यावर. रियाधमध्ये हे सगळं एकदाही न अडकता दिसलं. राउटर त्यांच्या पोटाखाली होता. फुटला होता. दिवे हिरवे होते.

मास्तर वाचले. अकरा टाके पडले, एवढंच.

इन्शिराह त्याच रात्री शाहिनाजला घेऊन बहिणीकडे गेली. जाताना काही बोलली नाही. निळा टब तेवढा दिवाणखान्याच्या मधोमध ठेवून गेली, पाणी भरून. का, ते तिने मलाही सांगितलं नाही. पुढे भेटली तेव्हा एवढंच म्हणाली की आई गेल्यावरही रोज असरनंतर करमला तिच्याच नंबरावरून कॉल यायचा. नुसती काळी चौकट. त्याला वाटायचं, बहीण आईच्या आठवणीने फोन धरून बसते. त्याने कधी विचारलं नाही.

ईदनंतर पुन्हा फातिहा म्हटली गेली. मादाम नरमीन आधी नको म्हणत होती. हाझिम म्हणाला, "आई, मला मुलगी करायचीय, राउटर नाही." मुलीकडून मामा बसला. मास्तरांना निरोप दिला होता. ते ऐकून मुकाट्याने चहा पीत राहिले. पुढच्या आठवड्यात, शाळेत वर्ग चालू असताना, त्यांनी एकदम खडू फेकला आणि ओरडले, "माझ्याशिवाय? माझ्या मुलीची फातिहा?" वर्गातली पोरं पळून गेली.

तेव्हापासून ते तसेच आहेत. म्हणजे होते.

हे सगळं मला त्यांनीच जिन्यात सांगितलं, थोडं थोडं करून. प्रश्न मी एका शुक्रवारी विचारायचो, उत्तर कधी तासाभराने, कधी पुढच्या शुक्रवारी यायचं. एकदा मी विचारलं, "उस्ताज, ती तुम्हाला नेमकी कशी दिसली?" पुढच्या आठवड्यात ते भाजीवाल्यापाशी वांगी निवडत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हसत होती."

त्यांच्या घरात आता नेट नाही. लाइनच कापून टाकली त्यांनी. पण इंजिनियर फिकरींच्या फोनवर असरनंतर आसपासच्या नेटची नावं येतात, त्यात वरच्या मजल्याचं नाव असतं. सिग्नल पूर्ण. फिकरी तेवढ्या वेळात फोन उलटा करून ठेवतात. माझ्या राउटरचं पान मीही उघडलेलं नाही, किती महिने झाले. जीबी लवकर संपतात. संपू देत.

परवाची गोष्ट. लिफ्ट वर पाचव्या मजल्यावर अडकली होती आणि चौथ्यावरचं तिचं दार नुसतं लोटलेलं होतं. दरवान अम्म इदरीस जिन्यात उभा होता. मास्तर शाळेला निघाले.

"उस्ताज वग्दी, लिफ्ट वर अडकलीय. दार उघडू नका."

मास्तरांनी दार उघडलं आणि आत पाऊल टाकलं.

आम्ही सगळे खाली धावलो. अम्म इदरीस खड्ड्यात उतरला. नाडी पाहिली, मास्तरांचे डोळे मिटले, आमच्याकडे बघून मान हलवली. कोणीतरी वर्तमानपत्रं आणून दिली, त्याने ती त्यांच्या अंगावर घातली. फिकरी इन्शिराहला फोन लावत होते. रुग्णवाहिकेची वाट बघत आम्ही तिथेच उभे राहिलो. बराच वेळ गेला.

मग वर्तमानपत्राखालून मास्तर म्हणाले, "बरं. नाही उघडत."